मी सही केलेला कोरा पंचनामा

जूनचा दुसरा सोमवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. मी तहसील कचेरीच्या खिडकीशी उभा होतो आणि आतला कारकून मला हसत होता.

अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत माझे नाव नव्हते. गेल्या भादव्यात पूर्णेचे पाणी माझ्या शेतात आठ दिवस उभे होते. कपाशी जागेवर सडली. आमच्या गावच्या पाटलाचे शेत टेकाडावर. तिथे पाणी चढलेच नाही. यादीत त्याचे नाव पहिले.

मी पंचनामा दाखवा म्हणालो. कारकुनाने कागद काचेला लावला. माझ्या शेताच्या गट नंबरापुढे लिहिले होते : नुकसान नाही. खाली दोन पंचांच्या सह्या. दुसरी माझी.

“काहो बुढेबुवा, तुमीच लिहून देल्लं का काही बुडालं नाही, अन् आता तुमीच रडून राहिले?”

रांग हसली. मागच्या बाकावर पाटील बसला होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान.

“जाऊ द्या साहेब,” तो म्हणाला. “आमचा मानाचा पंच हाय तो. खुर्ची देल्ली का कुठंबी सई करते.”

ते खरे होते. आमच्या गावात पंचनामा शेतात होत नाही, पाटलाच्या ओट्यावर होतो. पुढे तक्रार नको म्हणून एक पंच आमच्या बौद्ध वस्तीतला घेतात. माझा बाप त्या ओट्यासमोर वहाणा हातात घेऊन उभा राही. मला खुर्ची मिळाली, कपबशीत चहा मिळाला. मी कोऱ्या कागदावर सही केली; मजकूर मागून पाटील भरवून घेई. एकदा नव्हे, अकरा वर्षे. तेवढ्यावर मी विकला गेलो आणि त्याला मान समजलो.

मी कागद पुन्हा वाचला. वस्तीतल्या नऊ घरांचे गट त्यावर होते. नऊच्या नऊ गटांपुढे तेच दोन शब्द. माझ्या साक्षीने.

“साहेब, नकला पाह्यजेत,” मी म्हणालो. “अकरा वर्षांच्या. साऱ्या.”

“काहून बाबा?” पाटील हसला. “घरी पोथी लावतं का?”

“गुन्हा दाखल करतो. माह्या नावाचा अन् तुह्या नावाचा. पहिला माहा.”

त्याला मी जन्मात प्रथमच अरेतुरे केले होते. रांगेत कोणी हसले नाही.

“बुढ्या, तूबी आत जाशीन.”

“जाईन. तुले घेऊन जाईन.”

नकलांचा अर्ज दिला. मग कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून तक्रार लिहिली. शेत न पाहता मी खोटी साक्ष दिली, हे पहिले वाक्य. कोणी द्यायला लावली, हे दुसरे. पोलीस ठाण्यात ठाणेदाराने दोन तास बसवले. मी बसलो. शिक्क्याची पोच घेऊनच उठलो.

आता निरोप येतील. माझे वय काढतील, गावाची शांतता काढतील. मला समेट नको. त्याच्या टेकाडाची पाहणी नऊ घरांसमक्ष व्हावी, घेतलेले अनुदान त्याच्याकडून वसूल व्हावे, आणि तेव्हा त्याने मान खाली घालून उभे राहावे. ते पाहण्यापुरते आयुष्य मला पुष्कळ आहे. मग मलाही शिक्षा होवो.

पोस्ट बंद होण्याआधी तक्रारीची एक प्रत स्पीड पोस्टाने पाटलाला पाठवली. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले.