ब्रेक केला की गाडीकडे पाठ

आमच्या मिस्टरले जाऊन पाच महिने झाले. धर्मपाल नाव त्याइचं. दर्यापूरले जीप रिपेरिंगचं दुकान होतं. जीप, टॅक्टर, जे येईल ते करत, पण खरा हात ब्रेकचा.

ब्रेकमधली हवा काढाले दोन माणसं लागतात. एक खाली चाकापाशी नट ढिला करणार, एक वर पायडल दाबणार. वरची म्हणजे मी. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून. हे खालून म्हणत दाब, मी दाबो. म्हणत सोड, मी सोडो. वीस वर्षं आमचं निम्मं बोलणं हेच. पायडल कडक लागला की झालं. भिजल्या भाकरीवानी नरम लागला की आत हवा हाये, हे माह्या पायाले समजे.

अन् याइची एक खोड होती. ब्रेक झाला की ड्रायव्हरले म्हणत, आण गाडी माह्या अंगावर. मंग वीस पावलं जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहत. एकाही गाडीनं कधी धक्का लावला नाही, पण मी दरवेळी शिव्या देवो.

वलगावले गजेंद्र सरचं वावर हाये. कालेजातून रिटायर झाल्यावर त्याइनं तिथं टिनाच्या शेडमंधी दोन सीटचं, आभाळात उडाचं इमान बनवलं, सोताच्या हातानं. उडवाचं नंतर, पहिले जमिनीवर पळवून पाहाचं होतं. पण वावरात इमान पळवाले केलेल्या पट्टीच्या शेवटाले खोल नाला, अन् ब्रेक काही लागे ना. कोणीतरी याइचं नाव सांगतलं. आमी दोघं फटफटीवर गेलो. हे इमानाच्या भोवती एक चक्कर मारून म्हणे, याच्यापेक्षा आपल्या हातगाडीचं चाक मोठं हाये.

सकाळपासून दाब-सोड चाललं. सरनं आणलेलं लाल तेल अर्धं संपलं. सर म्हणे, वहिनी, झालं असन आता.

मी म्हटलं, "नरम लागते."

सरनं सोता दाबून पाह्यलं. त्याइले बरा वाटला. म्हणे एवढं चालते.

"सर, तुमी शिकलेले," हे खालून बोलले, "पण बाईचा पाय खोटं बोलत नाही."

मंग हे इमानाखाली आडवे पडून ब्रेकच्या तेलाच्या नळीवर बोट फिरवत गेले. नळी सीटखाली वर चढून वाकली होती. हसाले लागले. म्हणे आपण जीपवानी वरून दाबून राहिलो, अन् हवा तर वरतच पळते, त्या वाकात जाऊन बसते. शेजारच्या गोठ्यातून ढोराले औषध पाजाची मोठी पिचकारी आणली, साबणानं धुतली, पुसून कोरडी केली. चाकापासून तेल वर ढकललं. वरच्या तेलाच्या डबीत बुडबुडे आले, येतच राह्यले, मंग थांबले. मी पायडल दाबला. दगड.

सरनं इंजिन चालू केलं, अन् हे निघाले नाल्याकडे. पट्टीच्या मधोमध पाठ करून उभे. सरनं इंजिन बंद केलं, उतरून पळत गेले. समोर पंखा हाये, तुकडे होतीन म्हणे. हे लय हिरमुसले. बाजूच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आले अन् म्हणे, मंग ज्योत्स्ना बसन आत.

मले कोणी इचारलं नाही. सरनं पट्टा बांधला. दोन्हीकडून तूर पळाले लागली, नाला मोठा होत आला, माह्या पायानं खाली पायडल नसताना दाबलं. सरनं खरा दाबला. इमान जागच्या जागी बसलं, सरनं थांबासाठी मारलेल्या चुन्याच्या रेघेच्या पाच हात अलीकडे.

काचेतून पाह्यलं तं हे धुऱ्यावर, पाठ करून, हात मागं बांधून. पंखा थांबला तरी वळले नाही.

"थांबलं काय वो?"

"थांबलं. वळा आता."

बायको आत, समोर नाला, अन् माणूस पाठ करून उभा. दोन दिवस मी याइच्याशी बोलली नाही. दुकानात दाब म्हटलं की दाबो, सोड म्हटलं की सोडो, तेवढंच.