यांचं कॉकपिट

आमच्या कपाटावर प्लास्टिकच्या विमानाचा एक खोका बरेच महिने पडून होता. मिग-एकवीस, लढाऊ विमान. सुटे भाग जोडून, रंगवून तयार करायचं. मुलीनं पुण्याहून बापासाठी पाठवलेला. यांनी तो उघडला, एकेक भाग उजेडात धरून पाहिला आणि खोका पुन्हा बंद केला. "सवडीनं करू," म्हणाले. सवड मिळाली तेव्हा उजवा हात चालत नव्हता.

हे वायुसेनेत इन्स्ट्रुमेंट फिटर होते. उडणाऱ्यांतले नाहीत, जमिनीवरचे. वैमानिकाच्या समोर ज्या गोल तबकड्या असतात, उंची दाखवणारी, वेग दाखवणारी, त्या तपासायच्या, बिघडल्या तर काढायच्या, दुसऱ्या बसवायच्या. रोहणा गावच्या शेतकरी घरातून हे भरतीला गेले, उमेदीची सगळी वर्षं वेगवेगळ्या विमानतळांवर काढली आणि मग वर्ध्यात बँकेत कारकून म्हणून लागले. तिथेच सिंदी मेघेत घर बांधलं. मी बाहेरच्या खोलीत शिवणक्लास चालवते, अजूनही.

त्या दिवशी सकाळी हे दाढी करत होते. मी ब्लाऊजची बाही कापत होते. मोरीजवळ काहीतरी पडल्याचा आवाज आला. "काय पडलं?" मी विचारलं. जाऊन पाहिलं तर दाढीचा ब्रश खाली, हे भिंतीला टेकलेले, अर्ध्या तोंडाला साबण आणि तोंडाची एक बाजू ओघळलेली. शेजाऱ्यांच्या गाडीतून सेवाग्रामला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पाय हळूहळू सावरला. हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र गेलं.

गेलं म्हणजे आवाज होता. आपण बोललेलं सगळं कळत होतं. शब्दच सापडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, मेंदूत जिथे शब्द असतात तिथेच मार बसलाय, वेळ लागेल. एक शब्द तेवढा उरला होता, 'नाई'. चहा देऊ का विचारलं की "नाई" म्हणायचे आणि कप घ्यायला डावा हात पुढे करायचे. ऊन लागतं का? "नाई." आणि खुर्ची सावलीत ओढायचे. मी त्या नाईचा अर्थ लावायचं सोडून दिलं होतं.

बोलायला शिकवणारी एक मुलगी होती दवाखान्यात. नुकतीच शिकून आलेली, पण धीराची. तिच्याकडे पत्त्यांसारखी चित्रं होती. सफरचंद, गाय, कप, छत्री. एकेक चित्र समोर धरायची. हे चित्राकडे पाहायचे, ओठ हलायचे, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि बाहेर यायचं "नाई." एकदा यांनी डाव्या हातानं सगळी चित्रं टेबलावरून खाली लोटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मुलगी चित्रं गोळा करता करता म्हणाली, "काकू, सफरचंद पाहून मोठ्या माणसाला राग येणारच. काकांना आवडीचं काय आहे? रोजच्या कामातलं? त्याचे फोटो आणा पुढच्या वेळी."

घरी येऊन मी अल्बम काढले. लग्नाचे फोटो, मुलीचे, रोहण्याच्या शेतातले, युनिफॉर्ममधला स्टुडिओत काढलेला एक. विमानाजवळचा एकही नव्हता. आत कॅमेरा न्यायला बंदीच होती. फोटोचं कशाला, हे घरीही काही सांगत नसत. नवी नवरी असताना मी विचारायची, आज काय काम केलं? हे म्हणायचे, "काम केलं." तेवढंच.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, नेटवर सगळं आहे." आणि तिनं पाठवायला सुरुवात केली. मी अवाक झाले. जगभर असे शौकीन लोक आहेत, जे संग्रहालयात उभ्या असलेल्या जुन्या लढाऊ विमानांच्या खाली झोपून, आत वाकून, कोपरान् कोपरा टिपतात. चाकं पोटात शिरतात ती जागा, नाकातला तो सुळका, खुर्चीच्या मागच्या पट्ट्या, वायरींचे झुबके, कुठली तबकडी कुठे त्याचे आराखडे. आणि हे सगळं कशासाठी, तर छोटी विमानं करणाऱ्यांना हुबेहूब करता यावीत म्हणून. बायकोला कधी सांगितलं नाही ते आता कुणीही कुठूनही पाहत होतं.

आमच्या यांनी उमेदीची वर्षं घालवली ती जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. इतकी अरुंद असेल असं वाटलं नव्हतं. आतून सगळा रंग हिरवट निळा, सरकारी दवाखान्याच्या जुन्या भिंतीसारखा. आणि तबकड्याच तबकड्या.

मी टॅब यांच्या मांडीवर ठेवला. हे एकदम वाकले. डाव्या हाताचं बोट एकेका तबकडीवरून फिरलं. मला वाटलं, आता बोलतील. बोट एका जागी थांबलं आणि हे म्हणाले, "नाई."

दुसरा फोटो दाखवला. पुन्हा पहिल्यावरच परत आले. "नाई. नाई." आवाज चढला. मी फोटो मोठा केला, लहान केला, बंद केला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी क्लासच्या मुली बसलेल्या होत्या, आणि आतून यांचं "नाई, नाई" चालू. शेवटी माझा तोल गेला.

"काय नाई? काऊन नाई? तुमी सांगत नाई आन मले समजत नाई! काय करू मी?"

बाहेरच्या मशिनी थांबल्या. यांनी माझा हात धरला, माझंच बोट फोटोवर नेऊन ठेवलं. तिथे तबकडी नव्हती. एक गोल भोक होतं, आत काळोख. हे घशातून जोर काढून म्हणाले, "घ... घड्याळ."

"घड्याळ काय?"

"नाई."

मग मला कळलं. त्या परदेशी संग्रहालयातल्या विमानातलं घड्याळ कुणीतरी काढून नेलं होतं. घड्याळ जिथे असायचं तिथे नाही, एवढंच हे तीन दिवस सांगत होते. आजारपणात पहिल्यांदाच यांचं 'नाई' अगदी बरोबर होतं, आणि मीच ते मोडीत काढलं होतं.

"घड्याळ नाई," मी म्हटलं.

"हाव," हे म्हणाले. तो दुसरा नवा शब्द. हे रडले थोडे. मी बाहेर जाऊन मुलींना म्हटलं, चला, काजाची पट्टी झाली का?

त्यानंतर आमचा अभ्यास कॉकपिटवरच चालला. डावीकडून उजवीकडे जायचं. अल्टिमीटर, म्हणजे उंचीचं, लवकर आलं. मग कंपास. फ्यूएल गेज. कुठलीही तबकडी म्हटली की मागोमाग वायुसेनेतलं हिंदी यायचं, "चेक किया. ओके." 'पाणी' म्हणता येत नव्हतं तेव्हा हे 'अल्टिमीटर' म्हणत होते. दवाखान्यातल्या त्या मुलीनं गाय-सफरचंद बाजूला ठेवलं आणि स्वतःच तबकड्यांची नावं पाठ केली. तिला एखादं चुकीचं आलं की हे मान हलवायचे, खुश व्हायचे.

खोटं कशाला बोलू, मला वाईटही वाटायचं. तेल किती, वेग किती हे सगळं आठवतं, आणि बायकोचं नाव नाही. मुलीचं नाव यांना दिवाळीच्या सुमारास आलं, व्हिडिओ कॉलवर. माझं त्याच्याही नंतर, तेही रागात. रंगाची बाटली माझ्या धक्क्यानं आडवी झाली आणि यांनी माझं नाव घेऊन ओरडून सांगितलं. रंग फरशीवर पसरत होता आणि मी नुसती उभी.

रंगापर्यंत आम्ही आलो होतो, कारण खोका शेवटी खाली काढला होता. दवाखान्यातली ती मुलगीच म्हणाली, हाताला व्यायाम होईल. उजव्या हातानं भाग दाबून धरायचा, डाव्यानं घासायचं. जे दोन्ही हातांना जमेना ते माझ्याकडे आलं. चिमटा, बारीक कात्री, सुई, भिंग, ही हत्यारं घरात होतीच. अख्खं कॉकपिट माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. मी आयुष्यभर बारीक काम केलं, पण असं नाही.

यांना काही पसंत पडेना. सूचनांच्या कागदावर आतला रंग करडा दाखवला होता. हे म्हणाले, "नाई." या वेळी मी लगेच फोटो उघडला. हिरवट निळा मिळून येईपर्यंत किती वेळा रंग कालवला असेल. खुर्चीचे पट्टे मी आधी रेशमी फितीचे केले, हौसेनं. ते वैमानिकाला गोधडी बांधल्यासारखे दिसत होते. हे हसले. मग यांच्याच बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चांदीसारखा कागद सुटा केला, त्याच्या चिंधोट्या कापून रंगवल्या. ते पट्टे जमले.

खोक्यातून आलेल्या भागावर तबकड्यांच्या मधून वरून खाली एक पांढरी रेघ होती. मला वाटलं रंगवणाऱ्याची चूक, मी ती पुसायला निघाले. यांनी माझं मनगट धरलं. "फिरते," हे म्हणाले. हवेत डावा हात गरगर फिरवत खाली आणला. "फिरते... फिरते... दांडा... मधी." मला नीट समजेना. विमानं करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मुलीनं मला घातलं होतं, तिथे मी विचारलं. इंदूरच्या एका दातांच्या डॉक्टरनं उत्तर दिलं. विमान गिरक्या घेत खाली यायला लागलं की वैमानिकाची मती गुंग होते. मग त्यानं एवढंच करायचं, विमान वळवायचा दांडा त्या रेघेच्या समोर आणायचा, म्हणजे तो नेमका मध्ये येतो. मी यांना वाचून दाखवलं. "हाव," हे म्हणाले, जसं काही मी फार उशिरा शाळेत आले.

त्याच डॉक्टरनं मग आपल्याकडच्या एका संग्रहालयात परवानगी काढून घेतलेले फोटो पाठवले. त्यात घड्याळ होतं. हे ते फोटो दिवसभर पाहत बसले.

उन्हाळ्यात विमान पुरं होत आलं. वरची काच तेवढी बाकी होती, वैमानिकाच्या डोक्यावरची. हे झोपले होते. मी म्हटलं, उठायच्या आत लावून टाकू. नेहमीचा गोंद सुकायला वेळ लागतो, म्हणून झटकन चिकटणारा वापरला. काच घट्ट बसली. चहा ठेवून परत आले तर काचेवर आतून पांढरी वाफ धरलेली. फुंकर मारली, कापडानं पुसली. वाफ आतून होती. तो गोंद बंद जागेत असा धूर सोडतो हे मला कुठे माहीत. घड्याळ, रेघ, पट्टे, सगळं दुधाळ काचेच्या आड गेलं.

हे उठले, पाहिलं. मी म्हटलं, "चुकलं माझं." यांनी विमान फिरवून पाहिलं, मग नखानं काचेच्या कडेवर टिचकी मारली.

"तोड," हे म्हणाले.

"तोडू? आतलं मोडलं तर?"

"तोड. उघडं ठेवू." आणि हात उजवीकडे कलता करून दाखवला. या विमानाची काच एका बाजूला कलून उघडते, जमिनीवर असताना ती तशीच उघडी ठेवून हे आत काम करत. मी ब्लेडचं टोक घातलं. काच तुटली, आतलं वाचलं. ग्रुपवर रडगाणं लिहिलं तर डॉक्टरनं त्यांच्याकडची जादा काच कुरिअरनं पाठवली. ती कलती लावली, नेहमीच्या गोंदानं, आणि सुकेपर्यंत दोघं समोर बसून राहिलो.

विमान आता टीव्हीजवळ आहे. धूळ बसू नये म्हणून मी त्यावर बरणी पालथी घालते, हे ती काढतात. यांचं बोलणं अजून तुटकच आहे. लांब वाक्यात अडकतात, बाहेरच्या माणसासमोर जास्त. रोहण्याहून दीर येतात तेव्हा हे नुसते ऐकतात. पण ग्रुपवर बोलतात. लिहिता येत नाही म्हणून आवाज पाठवतात. तिथे कुणाला घाई नसते, आणि यांना काय झालंय हे इंदूरचे डॉक्टर सोडून कुणाला माहीत नाही. लोकांना वाटतं, सर विचार करून बोलतात.

परवा कुणीतरी विचारलं, सर, तुम्ही प्रत्यक्ष आत बसलेले आहात. फोटोत येत नाही असं काय असतं? मी पोळ्या करत होते. यांनी फोनचं बटण दाबून धरलेलं मला दिसलं. ओठ शब्द जुळवत होते.

"वास," हे म्हणाले. "रबर. गरम रबर. राजस्थान... मे महिना. हात लावला, भाजला." श्वास घेतला. "आणि डोकं. रोज लागायचं."

पाठवलं. मग आपलाच आवाज लावून ऐकला.

"लय धीरे बोलून राह्यलो," मला म्हणाले.

"ताट वाढू का?"

उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. कुणीतरी विचारलं होतं, डोकं कुठे लागायचं, डावीकडे की मागे? यांनी मला हातानं थांब म्हटलं आणि बटण दाबलं. मी भाजी पुन्हा गॅसवर ठेवली.