दुकान वाढवा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. बारामतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते मी. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

इंदापूरच्या पेठेत आमचं तंबाखूचं दुकान होतं. आधी आबा, म्हणजे माझे आजोबा बसायचे, नंतर तात्या – माझे वडील. अंथुर्ण्याकडचे शेतकरी बाजाराला आले की तळहातावर चिमूट मळून बघायचे. गिऱ्हाईक शिंकलं की आबा म्हणायचे, "माल पास झाला!" माझ्या दप्तरालाही तोच वास. वर्गातल्या मुली नाक धरायच्या, तेव्हा दुकानाचा भयंकर राग यायचा. आता त्या वासाची आठवण येते.

एक मात्र होतं. दुकानात 'बंद' म्हणायची सोय नव्हती. संध्याकाळी दुकान 'वाढवायचं'. चुकून कोणी "बंद करा" म्हणालं की आबा खेकसायचे, "आदी तुजं त्वांड बंद कर!"

दोन वर्षांपूर्वी तात्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. जागा एका मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायची ठरली, पण तात्यांच्या मनाविरुद्ध नको होतं. मी आणि धाकट्या भावानं कितीदा विचारलं, "तात्या, दुकान बंद करायचं ना?" ते मान फिरवायचे. शेवटी नाइलाज झाला.

त्या दुपारी दुकान रिकामं केलं. तात्या रस्त्यापलीकडे गाडीत... काचा वर, एसी चालू. भाऊ शटर ओढत होता, ते अर्ध्यावर अडकलं.

"बंदच होईना गं, ताई."

आणि आतून, रिकाम्या दुकानातून आवाज आला – "बंद न्हाय म्हनायचं रं. वाढवा म्हनावं."

तात्यांचा आवाज. आम्ही दोघांनीही ऐकला. वाकून आत पाहिलं, कोणी नव्हतं. मी धावत जाऊन गाडीचं दार उघडलं. तात्या माझ्याकडेच बघत होते.

"तात्या, दुकान वाढवू का?"

त्यांनी मान डोलावली. डोळे भरून आले होते त्यांचे. मीही भर पेठेत रडले. मागे शटर खाली आल्याचा आवाज झाला.

शटरचं समजू शकते – गंज असेल. आवाजाचं काय? डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही. तात्या त्यानंतरही एक शब्द बोललेले नाहीत.

घरी आईला सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"आवाज कसा हुता गं त्यांचा? पयल्यासारखाच?"

"हो."

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मलाबी न्यायचं हुतं की गं संगं."