मांडीवरचा घड

फोपनारच्या गोदाबाईला लोडिंग रिक्षा कोणी शिकवली नाही. नवऱ्याचा, लोटूचा, गुडघा गेला, तो खाटेवर बसला आणि हिने किल्ली उचलली. लोटूभाऊंचं काय सांगू बाई! बसले की उठत नाहीत, बोलायला लागले की थांबत नाहीत. गोदाबाई म्हणते, "दुनियेत सगळ्याच वस्तूंचं असं असतं. माझ्या घरात जरा जास्तच."

त्या सकाळी गावातल्या केळीबागवाल्या नंदकुमारची केळी न्यायची होती. माल डागाशिवाय बुऱ्हाणपूरच्या मंडीत पोचला तर अख्ख्या हंगामाचं भाडं हिचं, नाहीतर दुसऱ्या रिक्षाचं. नंदकुमारसाहेब स्वतः शेजारी बसणार होते, परीक्षा घ्यायला.

गोदाबाईने केळीचे घड आणि पुढचा पत्रा यांच्यामध्ये वाळका पाला ठासून भरला होता. नंदकुमारने तो उपसला.

"काकी, इतकी जागा वाया! अजून एक घड बसेल ना."

"पाला परत ठेव भाऊ. घड तुझ्या मांडीवर बसेल."

"मांडीवर?"

"का? भाचे-पुतणे नाही घेतले कधी?"

पाला परत गेला, घड मांडीवर आला. रिक्षा हलायलाच तयार नाही.

"हत्तीसारखी उठते तुमची गाडी!"

"भरलेली आहे. उठायला वेळ, अन् थांबायलाही वेळ. म्हणून मी लांबूनच ब्रेक लावते."

पण म्हशीला कोण सांगणार? बुऱ्हाणपूर दोन किलोमीटरवर, आणि ती झुडपातून थेट रस्त्यावर. गोदाबाईने ब्रेक दाबला. रिक्षा थांबली. नंदकुमार थांबला नाही, घड तर नाहीच. धप्प! घड काचेवर, नंदकुमारचं नाक घडात.

"काकी, हे काय!"

"थांबवली मी रिक्षा. तुला कोणी थांबवलं? तू तसाच पुढे चालला होतास. मी हँडल धरलं होतं, तू काय धरलं होतंस? केळी!"

"मग मागचा माल?" त्याचा चेहराच उतरला.

"त्यांना पाला आहे. हळूच अडवतो, आपटू देत नाही. मंडीत बघ."

मंडीत व्यापाऱ्याने एकेक घड फिरवून पाहिला. एकावरही डाग नाही. मग चेपलेला घड दिसला.

"ये किसका है?"

"मेरा," नंदकुमार नाक चोळत म्हणाला. मग गोदाबाईकडे वळला. "उद्या सहाला या, काकी. हंगामभर तुम्हीच. पाला मी भरतो."

"भर. अन् मांडी रिकामी ठेव, लोटूला मंडी दाखवायची आहे."

"पण ते उठतील का?"

"आपणहून कशाला उठतील? धक्का द्यायला मी आहे ना!"