दारातला ऊस

कोरेगावात आमच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. साताऱ्यात कुत्र्यांच्या उड्यांची स्पर्धा आहे आणि आपला गावठी कुत्रा तिथं उतरवायचाच, म्हणून त्यांनी घराच्या दारात गुडघाभर उंचीवर एक ऊस आडवा बांधलाय. कुत्रा रोज त्याच्या खालून जातो. सुभेदार रागावत नाहीत. मिशीवरून बोट फिरवत म्हणतात, "त्याला कुणी करून दावल्याबिगर त्यो शिकंल कसा?"

त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येकानं कुत्र्यासमोर उडी मारायची, असा नियमच झालाय. सुभेदारांच्या घरच्या वहिनी भरली कळशी घेऊन उडतात. परवा ग्रामसेवकही उडून गेला.

काल मी पेपर मागायला गेलो. गुडघा ठणकत होता, म्हणून गुपचूप मागच्या दाराकडे वळलो.

"आवं मास्तर, त्यो बघतोय!" सुभेदार दबक्या आवाजात म्हणाले. मग वाकून त्यांनी ऊस चार बोटं खाली घेतला. कुत्र्यासाठी त्यांनी तो कधीच खाली घेतला नव्हता.

मी उडी मारली. "शाब्बास!" म्हणत त्यांनी सवयीनं माझ्या हातावर अर्धं बिस्कीट ठेवलं. कुत्रा माझ्याकडे टक लावून बघत होता.

मी ते खाल्लं. उडी खरंच चांगली झाली होती.