भिंगरीचा ब्रेक

भिंगरी हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. ते पडलं ती अकरा वर्षांची असताना, आणि मग खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागायचं. आज ती छत्तीस वर्षांची आहे आणि चष्म्याच्या काचा घासून फ्रेमच्या मापाच्या करायच्या कारखान्यात काम करते. भिंगांच्या कारखान्यात भिंगरी! तिथल्या साहेबाला हा विनोद इतका आवडला की गेली नऊ वर्षं तो दर आठवड्याला नव्याने करतो. ती हसत नाही, रागावतही नाही. घासलेल्या काचेची कड उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी तपासते आणि पुढची काच घेते. उरलेल्या दोन बोटांना, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला, काही कळतच नाही. टाचणी टोचा, गरम कप लावा, ती दोघं आपली ढिम्म.

सायकल मुळात तिच्या दादाची. छोट्या चाकांची, जाड टायरांची बीएमएक्स. दादाचे पाय लांबले, गुडघे हँडलला आपटायला लागले, तेव्हा ती हिच्याकडे आली. पाण्याच्या टाकीमागे मातीचा उतार होता, तिथे पोरं शर्यती लावायची. भिंगरी पहिली आली की एकमताने ठरायचं, सुरुवात बरोबर झाली नव्हती, परत घ्या. ती मुकाट्याने परत घ्यायची आणि परत पहिली यायची. एकदा एकाच दुपारी चार वेळा पहिली आली आणि कंटाळून घरी निघाली.

त्याच दुपारी तिला तो दिसला. बंद पडलेल्या गोदामापुढे सिमेंटचं गुळगुळीत अंगण होतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक रंगारी तिथे सायकल चालवत होता. चालवत कसला! पुढच्या चाकाच्या बाजूला लोखंडी नळकांडं बसवलेलं, त्यावर एका पायाने उभा, मागचं चाक हवेत, आणि गडी हँडल धरून आपला उलटा चाललाय. मग हँडल गरकन पूर्ण फिरवलं, सोडलं, पुन्हा पकडलं. भिंगरी तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"अशी मागे का चालवता?" तिने विचारलं.

"पुढे तर बसही जाते," रंगारी म्हणाला.

बस्स, पोरगी कामातून गेली. उतार सुटला, शर्यती सुटल्या. शाळा सुटली की ती गोदामाच्या अंगणात. रंगाऱ्याने तिला नळकांडी बसवून दिली, बुटाच्या तळव्याने टायर दाबून चाक थांबवायला शिकवलं, आणि तिसऱ्या महिन्यात सांगितलं की आता ब्रेक काढून टाक. सायकल सरळ चालवायची असेल तर ब्रेक हवा. पण हँडल पूर्ण फिरवायचं म्हटलं की मागच्या ब्रेकची वायर सायकलच्या मानेला गुंडाळली जाते आणि हँडल अर्ध्यातच अडकतं. तिने त्याच संध्याकाळी ब्रेक काढला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

आता गंमत बघा. तिचे बाबा बस डेपोत ब्रेक फिटर. घर चालायचं ते ब्रेकवर, आणि घरातली पोरगी बिनब्रेकची! बाबांनी आकाशपाताळ एक केलं. ब्रेक बसवला, तिने काढला. परत बसवला, परत काढला. आई म्हणायची, तुम्ही दोघं त्या सायकलीचे नट झिजवून टाकाल. शेवटी बाबा दमले आणि त्यांनी एक केलं: तिला खेळताना बघायला जायचंच नाही. सात वर्षं गेले नाहीत. रंगारी गावोगाव तिला घेऊन गेला, तिने दोन कप आणले, अंगणाभोवती लोक जमायला लागले, भिंगरी भिंगरी म्हणून ओरडायला लागले. बाबा मात्र त्या वेळी घरी नाहीतर डेपोत. तिला कपांचं एवढं काही नव्हतं. बाबांनी एकदा बघावं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते ती कुणाला सांगायची नाही.

ती अठरा वर्षांची असताना ते आले. मोठी स्पर्धा होती, मैदानात लाकडी फळ्यांचा मंच घातला होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि रंगाऱ्याशेजारी उभे राहिले. भिंगरी सायकल घ्यायला गेली आणि थबकली. मागच्या चाकाला ब्रेक होता. नवा कोरा, वायर ताणून चोख बसवलेली. सकाळी केव्हातरी बाबांनी गुपचूप बसवला होता. पाना तिच्या खिशातच होता, काढणं दोन मिनिटांचं काम. तिने मान वळवून पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते आणि चक्क हसत होते.

तिने ब्रेक तसाच ठेवला. हँडल फिरवायचंच नाही, बाकीचं करायचं, असं मनाशी ठरवून ती मंचावर चढली. दीड मिनिट ती अशी खेळली की परीक्षकांनी लिहायचं सोडून दिलं. आणि मग सात वर्षांच्या सवयीच्या हाताने हँडल गरकन फिरवलं.

ते अर्ध्यातच अडकलं, ती फळ्यांवर आपटली आणि कोपराचे तीन तुकडे झाले. दोन शस्त्रक्रिया झाल्या, हात पूर्ण सरळ झाला नाही आणि दोन बोटं गेली ती गेलीच. दवाखान्यात आई म्हणाली, "ब्रेक होता म्हणून एवढ्यावर निभावलं गं." बिचारीला सायकलीतलं काय कळणार? बाबा खिडकीपाशी उभे होते, काही बोलले नाहीत. भिंगरीही बोलली नाही. बाबांना तेवढाच आधार, तो कशाला काढून घ्यायचा? मग ते वाक्य घरचंच झालं. आई म्हणायची, दादा म्हणायचा, पाहुणे मान डोलवायचे. सायकल भंगारात गेली, भिंगरी कारखान्यात गेली. वाईट वाटलं का असं कुणी विचारलं तर ती खरं तेच सांगायची, की काही वाटत नाही. सकाळी डबा, दिवसभर काचा, संध्याकाळी घर. अठरा वर्षं काही म्हणजे काही वाटलं नाही.

परवाच्या रविवारी दादा आला, त्याच्याबरोबर त्याची दहा वर्षांची मुलगी आणि तिची बीएमएक्स. पोरगी आत्याच्या वळणावर गेलेली. ब्रेक काढून टाकलेला.

"बाबा, तुम्हीच बसवा," दादाने ब्रेकचा नवा संच त्यांच्या हातात दिला. "आत्या वाचली ती ब्रेकमुळे, हे हिला शंभर वेळा सांगितलं. ऐकत नाही." आणि मुलीला घेऊन तो खाली दुकानात गेला.

बाबा गॅलरीत सायकल उलटी करून बसले. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. डेपोतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी हात तसाच बसलेला. पण त्यांनी वायर हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आपण बोललो नाही तर हा ब्रेक बसणार आणि ती पोर एक दिवस हँडल फिरवणार, हे भिंगरीला दिसत होतं. बोललो तर बाबांच्या म्हातारपणाचं काय, तेही दिसत होतं.

"बाबा, वायर जरा..."

"तुझी आखूड कापली होती मी," बाबा मान वर न करता म्हणाले. "डेपोत तशीच कापतात. ढिली वायर दिसली की साहेब ओरडायचे."

भिंगरी खाली बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तुला गाडीत घातलं आणि मी सायकल आणायला परत गेलो. हँडल वाकडंच अडकलेलं होतं. ब्रेक फिटर आहे मी, मला नाही कळणार? तुझी आई बोलायची ते ऐकून घ्यायचो. वाटायचं, तुला कळलेलं नाही. तुझ्या नकळत बसवला होता ना."

"मला दिसला होता," ती म्हणाली. "चढायच्या आधीच."

बाबांनी वर पाहिलं. "मग काढला का नाहीस?"

"तुमच्यासमोर कशी काढणार? पहिल्यांदा बघायला आला होतात."

बाबांनी वायर जमिनीवर ठेवली.

"जाऊ दे, बाबा. पडायच्या आधीचं बघितलंत ना? ते दीड मिनिट? तसं मी आधी कधीच खेळले नव्हते."

"नाही गं," बाबा म्हणाले. "तू चढलीस आणि मला भीती वाटली. मी डोळे मिटून घेतले. लोक ओरडले तेव्हा उघडले."

भिंगरीला रडू आलं. कोपर मोडलं तेव्हा आलं नव्हतं, कप माळ्यावर गेले तेव्हा आलं नव्हतं, आता मात्र हुंदका आवरेना. बाबांना काय करावं कळेना. ते तिचा तो वाकडा हात हातात घेऊन बसून राहिले.

दादा जिना चढून आला. "बसला का ब्रेक?" म्हणाला, आणि बहिणीकडे बघून दारातच थांबला. "काय झालं?"

"ती पडली माझ्या ब्रेकमुळे," बाबा म्हणाले. "बस इथे, सगळं सांगतो. पोरीलाही बोलव."