आमच्या ह्यांची स्वच्छ बिअर

आमच्या ह्यांना स्वच्छतेचा किती सोस आहे ते मला विचारा, कारण ह्यांचे बनियन मी धुते. संगमेश त्यांचं नाव, लातूरच्या एका सोयाबीन तेलाच्या मिलमध्ये केमिस्ट. ओला टॉवेल गादीवर फेकणारा, जेवल्या ताटात हात धुणारा, चूळ भरून मोरीभर उडवणारा हा माणूस. बिअर करायला लागला आणि मला जंतू शिकवू लागला.

घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही, आमच्यासारख्या लिंगायताच्या घरात तर आचारातही बसत नाही. पण ह्यांचा मित्र प्रीतम रीतसर परवाना काढून ताज्या बिअरचं हॉटेल सुरू करणार होता. ह्यांचा हात बसला तर तिथं बिअर करायचं काम ह्यांनाच मिळणार होतं. मिलच्या नोकरीला हे विटले होते, म्हणून मी नाक मुरडत का होईना, मागची खोली दिली.

जवाचा गोड काढा उकळायचा, झटपट गार करायचा आणि कोमट असताना यीस्ट घालून आंबवायचा. उकळत्यात काही जगत नाही, पण गार होताना एवढीशी घाण पडली तरी सगळं नासतं, हे ह्यांचंच प्रवचन. त्यासाठी एसीची तांब्याची नळी गॅसच्या टाकीभोवती गुंडाळून ह्यांनी वेटोळं केलं. ते काढ्यात बुडवायचं आणि नळीतून गार पाणी सोडायचं. लातुरात पाणी असं सोडायचं म्हणजे काय, ते इथल्या बायकांना कळतं. घरची टाकी उपसली की टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या मी करायच्या.

एवढं करून दर खेपेला बिअर आंबट. वर बुरशीची साय, वास ओल्या पोत्याचा. दोष मात्र माझा.

"तुझ्या विरजणाचे जंतू उडायलेत," हे म्हणाले. "दही लावणं बंद कर."

मी बंद केलं. दह्याविना भाकरी घशाखाली ढकलत राहिले. वर शेजारच्या नीलाबाईंना हे सांगतात, "आमच्या हिला स्वच्छता जमत न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रीतमसाठी शेवटची खेप लावली तेव्हा मी मदतीला होते. ह्यांनी सगळं स्पिरिटनं पुसलं, वेटोळं उकळून घेतलं, माझ्या डोक्याला फडकं बांधायला लावलं. काढा पुरेसा गार झाला का ते बघायला थर्मामीटर शेजारीच होता, धुऊन पुसून ठेवलेला. पण ह्यांनी झाकण सारलं आणि करंगळी आत बुडवली. आमच्याकडे विरजणाचं दूध कोमट झालं का ते असंच बघतात, हाताला लहानपणापासूनची सवय. त्या करंगळीचं नख ह्यांनी शौकानं वाढवलेलं. जरा वेळापूर्वी त्यानंच कान कोरून झाला होता. आत जाताना नखाखाली काहीतरी पिवळट होतं. बाहेर आलं तेव्हा नव्हतं.

"झालं कोमट," म्हणत ह्यांनी ती करंगळी चोखली. मी मोरीत जाऊन ओकले.

बिअर तयार झाल्यावर प्रीतम आला. एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"हे तर शिळं ताक हाय, संगमेश."

"काय सांगू," हे लगेच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिच्या किचनमुळं लई त्रास हाय."

मग मी प्रीतमला सगळं सांगितलं. करंगळी, नख, कान, काहीच गाळलं नाही. ह्यांनी मूठ मिटून हात मागे घेतला. प्रीतमनं अंगणात जाऊन तीनतीनदा चूळ भरली. जाताना म्हणाला, "मी दुसरा माणूस बघतो."

तो गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बघितलं होतंस तर तवाच का न्हाई बोललीस?"

"काढा उघडा असताना तोंड उघडायचं न्हाई, थुंकी उडते, असं तुम्हीच दटावलं होतं," मी म्हणाले.